मानसोपचारात ‘आपण दोघे मिळून ठरवू’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न – शिक्षिका, सेलू

नमस्कार. आमचे कृषी सेवा केंद्र आहे. गेल्या खरिपात उधारी अडकून पडल्यापासून यजमानांना छातीत धडधड होते, झोप लागत नाही आणि रात्री उठून ते उधारीची वही पुन्हा पुन्हा तपासतात. ईसीजी व थायरॉइडच्या तपासण्या व्यवस्थित आल्यावर डॉक्टरांनी चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे जायला सांगितले, म्हणून आम्ही रेल्वेने नांदेडला जाऊन आलो. पाऊण तासात त्यांनी एकही गोळी लिहून दिली नाही. ‘तुम्हाला आधी काय बदललेले हवे आहे?’ असे यांनाच विचारले आणि पुढचे आपण दोघे मिळून ठरवू, असे सांगितले. परतताना हे म्हणाले, ‘मलाच ठरवायचे होते तर एवढ्या लांब कशाला आलो?’ मलाही ते अगदीच चूक वाटले नाही. ही उपचारांची मान्य पद्धत आहे का? पुढच्या वेळी मी आत बसावे का?

उत्तर – चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, छत्रपती संभाजीनगर

ताई, औषधे मनोविकारतज्ज्ञ देतात, मानसशास्त्रज्ञ देत नाहीत; त्यामुळे गोळी राहून गेली असे समजू नका. पद्धतही मान्य आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या उपचारपद्धतीत उपचारक रुग्णाच्या भीतीशी वाद घालत नाही. दोघे मिळून त्या भीतीकडे एक अंदाज म्हणून पाहतात आणि तो खरा उतरतो का, हे रोजच्या व्यवहारात तपासतात.

तुमच्याच दुकानाचे घ्या. ‘उधारी मागितली की गिऱ्हाईक कायमचे तुटते’ असे त्यांच्या मनात असेल, तर माझ्या समजावण्याने ते हलणार नाही, कारण तुमची गिऱ्हाइके मला ठाऊक नाहीत. पहिला फोन कोणाला करायचा, काय होईल असे वाटते ते आधी लिहायचे आणि प्रत्यक्ष काय झाले ते नंतर त्याशेजारी लिहायचे, हे त्यांच्यावाचून ठरूच शकत नाही. रात्री वही तपासली की घटकाभर हायसे वाटते आणि त्यामुळेच ती सवय घट्ट होते, हे उलगडून दाखवणे मात्र आमचे काम. हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आत बसण्याचे यजमानांनाच ठरवू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

उत्तर – विद्यार्थिनी, लातूर

नीटच्या सराव परीक्षेत माझे हातपाय गार पडायचे. मला डोळे मिटून श्वास मोजायला सांगितले होते, पण त्याने धडधड वाढायची आणि दोन आठवडे मी भिडेखातर ‘बरे वाटते’ म्हणत राहिले. शेवटी खरे सांगितले, तेव्हा मॅडम रागावल्या नाहीत; त्यांनी उपायच बदलला. आम्ही दोघी जिना भराभर चढलो, धडधड मुद्दाम वाढू दिली आणि ती आपोआप उतरते हे मी स्वतः अनुभवले. त्यानंतर परीक्षेत धडधड आली तरी मी पेपर सोडून उठले नाही. काकांनी परतीच्या वाटेवर जे म्हटले, तेच शब्द पुढच्या भेटीत तिथे म्हणावेत.

उत्तर – निवृत्त आरोग्य कर्मचारी, अंबाजोगाई

चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे उपचारकाची नोंदणी आहे का, हे विचारून घ्या. विचारण्यात गैर काही नाही. मधल्या काळात फार अस्वस्थ वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

प्रश्नकर्त्या

आपणा सर्वांचे आभार. हे सारे मी यांना वाचून दाखवले. जिन्याचा भाग त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावला. पुढच्या भेटीला मी बाहेर बसावे, असे त्यांनीच सांगितले आहे, आणि पहिला फोन कोणाला करायचा ते नाव त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे.