आकडे टाकताना दर पाच मिनिटांनी कोणीतरी हाक मारते. लक्ष टिकवायचे कसे?

हिशेबवाली (वागळे इस्टेट, ठाणे)

नमस्कार. वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्यात मी गेली अकरा वर्षे हिशेब सांभाळते. कारखान्यात चाळीसएक माणसे आहेत आणि हिशेबाच्या खोलीत मी व एक शिकाऊ मुलगा असे दोघेच बसतो. माझे टेबल नेमके दाराला लागून आहे. स्टोअरला जाणारा, साहेबांच्या केबिनकडे जाणारा आणि पाणी प्यायला जाणारा असे सगळेच माझ्या खुर्चीला वळसा घालून जातात, आणि जाता जाता प्रत्येकाला काहीतरी विचारायचे असते: उचल कधी मिळेल, अमुक पार्टीचा चेक आला का, मागच्या चलनाची प्रत कुठे आहे.

गेल्या महिन्यात बँकेची जुळवणी करताना २,७०० रुपयांचा फरक राहिला. तो शोधण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. १८,५४० रुपयांचे पेमेंट टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) १५,८४० असे पडले होते. चूक कोणाच्याही हातून होते, म्हणून त्याचे मला फारसे वाटले नसते. परंतु ते व्हाउचर फाइलमधून काढले, तेव्हा त्याच्या समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलीने ‘एमएच ०४’ एवढेच लिहिलेले आढळले. पुढचा नंबर नव्हताच. म्हणजे मी रक्कम टाकत असताना दारातून कोणीतरी गाडीचा नंबर सांगायला लागले असणार, तो मी लिहायला घेतला असणार, आणि तेवढ्यात आणखी कोणीतरी हाक मारली असणार.

आमच्या कामाला तारखांचा धाक असतो. ७ तारखेपर्यंत टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायचा, ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरणपत्र) द्यायचे, १४ तारखेला २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा तक्ता) आले की खरेदीच्या बिलांशी ते ताडून पाहायचे आणि २० तारखेच्या आत ३बी (महिन्याचे जीएसटी विवरणपत्र) भरून मोकळे व्हायचे. यांतले एकही काम तुकड्यातुकड्यांत नीट होत नाही. मोबाइल मी खणात ठेवू लागले आहे. फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन गृहस्थाने टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावरून रूढ केलेली २५ मिनिटांची पद्धतही करून पाहिली, परंतु पहिल्या दिवशी माझी एकदाही सलग पंचवीस मिनिटे पुरी झाली नाहीत. साहेबांशी बोलले, तर ते म्हणाले, “तुमचे काम तर वेळेवर होते, मग अडचण काय आहे?” त्यावर मला उत्तर सुचले नाही. हल्ली घरी कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही माझी गफलत होते, त्यामुळे दोष माझ्यातच आहे की काय, अशी शंका येऊ लागली आहे. माणसांत बसून काम करणाऱ्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.

ऐरोलीकर

ताई, साहेबांच्या प्रश्नाला उत्तर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात ईमेलना उत्तरे देण्याचे काम करणाऱ्यांपैकी काहींना मध्येच अडवले जात होते. ज्यांना अडवले, त्यांचे काम उशिरा नव्हे, उलट लवकर संपले. मात्र ताण, वैताग आणि घाईची भावना त्यांच्यात जास्त आढळली. गेलेला वेळ माणूस पळून भरून काढतो, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला सगळे सुरळीत दिसते. साहेबांना दिसते ते वेळेवर भरलेले ३बी; त्यासाठी तुम्ही किती पळालात, हे त्यात कुठेच दिसत नाही. तुमच्या त्या दोन संध्याकाळीही त्यांच्या हिशेबात नसणार.

कुकरच्या शिट्ट्यांचे म्हणाल, तर त्याचेही कारण दोष हे नव्हे. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाचे थोडे लक्ष पहिल्या कामातच अडकून राहते, आणि दुसऱ्या कामाच्या वाट्याला उरलेसुरले येते. मला यातला पुढचा भाग अधिक उपयोगी वाटतो. २०१८ मध्ये त्यांनी थेरेसा ग्लॉम्ब यांच्यासह केलेल्या अभ्यासात असे आढळले की, वळण्यापूर्वी आपण कुठे थांबलो आहोत आणि परत आल्यावर पहिल्यांदा काय करायचे आहे, हे घटकाभर थांबून लिहून ठेवले, तर मन त्या कामातून बऱ्यापैकी मोकळे होते. मी प्रोग्रॅमिंग करतो आणि गेली तीन वर्षे हे पाळतो. कोणी खांद्यावर हात ठेवला की मी एक बोट वर करतो, कीबोर्डशेजारच्या चिठ्ठीवर अर्धी ओळ लिहितो आणि मगच मान वळवतो. सुरुवातीला लोकांना हे विचित्र वाटले, आता ते बोट खाली येण्याची वाट पाहतात.

तुमच्या कामात ती चिठ्ठी ‘व्हाउचर अमुक, तारीख टाकली, रक्कम बाकी’ एवढीच असेल. तिच्या जोडीला एक नियम मात्र कडक ठेवा: रक्कम अर्धी टाकून कधीही उठायचे नाही, ती एकतर पुरी टाकायची किंवा पूर्ण पुसायची. अर्धा आकडा परत आल्यावर बरोबरच वाटतो, तोच खरा धोका आहे.

जागेविषयी एक विषयांतर करतो. आमच्याकडे भिंती काढून एक मोठा हॉल केला आहे, त्यामागे लोकांनी एकमेकांशी बोलावे असा हेतू होता. हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी २०१८ मध्ये अशा बदलातून गेलेल्या दोन कंपन्यांचा अभ्यास केला, तेव्हा समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि संदेशांची देवाणघेवाण वाढली, असे दिसून आले. मला याचे मुळीच आश्चर्य वाटत नाही. माझ्या उजव्या हाताला बसणारा माणूस “जेवायला येतोस का?” हेसुद्धा मला चॅटवर विचारतो. तेव्हा भिंत नसण्याचे दुःख तुमच्या एकटीचे नाही, तरीही दाराजवळून टेबल हलवता येत असेल तर आधी तेच करा.

डिस्पॅचवाला, महापे

मी या विषयाची दुसरी बाजू मांडतो, कृपया राग मानू नये. दारातून गाडीचा नंबर ओरडणारा तो माणूस बहुधा माझ्यासारखाच कोणीतरी असणार.

ताई, वापीला माल पाठवायचा असेल आणि त्याची किंमत पन्नास हजारांच्या वर असेल, तर ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटीचा ऑनलाइन दाखला) लागते, आणि त्याच्या भाग ‘ब’ मध्ये गाडीचा नंबर भरल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढता येत नाही. तशीच काढली आणि वाटेत अडवली गेली, तर माल आणि गाडी दोन्ही अडकून पडतात. नंबर आधी कळवा म्हणावे, तर ट्रान्सपोर्टवाला कोणती गाडी पाठवणार हे गाडी दारात उभी राहीपर्यंत आम्हालाही ठाऊक नसते. त्यात अवजड वाहनांना ठाण्यातून ठरावीक वेळेतच जाता येते, ती वेळ टळली की ड्रायव्हर रात्रीपर्यंत गेटवर बसून राहतो आणि त्याच्या शिव्या मी ऐकतो. मला पाच मिनिटे हवी असतात, पण ती त्याच वेळी हवी असतात. तुमच्यासाठी तो व्यत्यय असेल, माझ्यासाठी ते दिवसाचे मुख्य काम आहे.

म्हणून सरसकट ‘मला हाक मारू नका’ असे जाहीर केले, तर पहिल्याच गाडीला ते मोडेल, आणि एकदा मोडलेला नियम पुन्हा कोणी पाळत नाही. थांबू शकते काय आणि थांबू शकत नाही काय, हे आधी वेगळे करा. उचल, जुने चलन, चेकची चौकशी, हे सगळे थांबू शकते. गाडी थांबू शकत नाही. आणि खरे सांगायचे, तर आमच्या हिशेबाच्या बाईंनी शिकाऊ मुलाला ई-वे बिल काढायला शिकवले, त्या दिवसापासून मी त्यांच्या टेबलाकडे फिरकलेलो नाही. तुमच्याकडेही शिकाऊ मुलगा आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. तो नेमके काय करतो?

सिस्टर, कळवा

मी परिचारिका आहे, त्यामुळे माझ्या कामात हाका येतच राहणार, हे मी गृहीत धरले आहे. मात्र इंजेक्शनचा डोस काढताना मी कोणाशीही बोलत नाही, आणि तेवढा वेळ माझ्याशीही कोणी बोलत नाही. विमानचालनात असाच एक नियम आहे: अमेरिकेत १९८१ पासून १०,००० फुटांच्या खाली असताना वैमानिकांनी उड्डाणाशी संबंध नसलेले बोलणे बोलायचे नाही, असा दंडक आहे. त्याहून वर गेल्यावर त्यांनी गप्पा मारल्या तरी चालते. ताईंना दिवसभराची शांतता मिळणार नाही आणि ती त्यांनी मागूही नये. आपले ‘दहा हजार फुटांखालचे’ काम कोणते, तेवढे ठरवावे आणि फक्त त्यासाठीच भांडावे.

निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा

प्रथम त्या २,७०० रुपयांविषयी लिहितो, कारण त्या दोन संध्याकाळी वाचू शकल्या असत्या. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. २,७०० म्हणजे ३ गुणिले ९०० आणि ९०० म्हणजे हजारातून शंभर वजा. म्हणून हजाराच्या आणि शतकाच्या घरांतील अंकांत तीनचा फरक आहे, अशाच रकमा तपासायच्या. तुमच्या १८,५४० मध्ये ते ८ आणि ५ आहेत. आम्हाला नोकरीच्या पहिल्या वर्षातच एका हेडक्लार्कनी हे शिकवले होते, आणि ते आम्ही चहाच्या बिलावरसुद्धा चालवून पाहत असू.

आता मूळ मुद्दा. संगणक येण्यापूर्वी आमच्या शाखेत पगाराच्या दिवशी काउंटरपुढे शंभर माणसे उभी असत, तरीही लेजरमध्ये लिहिणाऱ्या क्लार्कला कोणी हाक मारत नसे. चेक दिला की पितळी टोकन मिळे आणि माणूस ते मुठीत धरून बाकावर जाऊन बसे. आपले काम कोणीतरी घेतले आहे आणि आपला नंबर येणार आहे, एवढी खात्री झाली की तो निमूट बसून राही. माझा अनुभव असा आहे की लोक घाईमुळे कमी आणि आपले काम विसरले जाईल या भीतीने अधिक हाका मारतात. ती भीती घालवण्यासाठी दारावर एक वही दोरीने बांधून ठेवा, ज्याला जे हवे ते त्याने तीत लिहावे, आणि तुम्ही साडेअकराला व साडेचारला वही घेऊन सगळ्यांची कामे एकदम उरकावीत. पहिले काही दिवस एकही नोंद राहू देऊ नका. एक जरी राहिली, तरी वही संपली म्हणून समजा.

शिवाय ओळीखाली लाकडी पट्टी ठेवत जा आणि रक्कम तोंडाने म्हणत टाका. आम्ही दोघे मिळून आकडे ताडताना एक जण मोठ्याने वाचत असे आणि दुसरा खूण करत असे. तोंडातला आकडा पुरा होईपर्यंत मध्ये बोलण्याची हिंमत मॅनेजरसाहेबही करत नसत.

हिशेबवाली (वागळे इस्टेट, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. सतरा दिवसांनी लिहीत आहे, मध्ये २० तारीख येऊन गेली.

डिस्पॅचवाल्या दादांचा प्रश्न मला चांगलाच लागला. शिकाऊ मुलगा दिवसभर व्हाउचरना भोके पाडून फाइल लावत होता, कारण चुकेल या भीतीने मीच त्याच्या हाती काही देत नव्हते. आता त्याला ई-वे बिल शिकवले आहे. दुसऱ्याच दिवशी त्याने गाडीच्या नंबरात चूक केली; परंतु गाडी गेटवरच उभी होती, त्यामुळे ती सुटण्याआधी नंबर बदलता आला. त्यानंतर तो बिल काढल्यावर छापील प्रत हातात घेऊन गाडीपर्यंत जातो आणि नंबरप्लेटशी ताडून पाहतो. हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

वही मात्र चालली नाही. स्टोअरकीपर काका म्हणाले, “मला लिहायला लावतेस, त्यापेक्षा तोंडाने सांगतो ना!” आणि त्यांनी सांगून टाकले. म्हणून आता मीच त्यांच्यादेखत वहीत लिहून घेते, त्यांना ती ओळ दाखवते, आणि काका निघून जातात. टोकनचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. त्यांना उत्तर नको असते, नोंद हवी असते. आधी माझी चिठ्ठी, मग त्यांची वही, असा क्रम ठरून गेला आहे. टेबल हलवता आले नाही, पण खुर्ची फिरवून दाराकडे पाठ केली आहे. ‘दहा हजार फुटांखालचे’ म्हणून मी दुपारी दोन ते साडेतीन एवढाच वेळ मागितला आणि साहेबांनी तो दिलाही.

अडचण एवढीच राहिली आहे की तो वेळ देणारे साहेबच पावणेतीनला इंटरकॉम वाजवतात आणि “दोनच मिनिटे” म्हणतात. त्यांच्यासमोर वही कशी धरायची, हे मला कळत नाही.

निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा

मॅनेजरांना आम्हीही टोकन देत नव्हतो. फरक इतकाच की इंटरकॉम नसल्यामुळे त्यांना उठून आमच्या टेबलापर्यंत यावे लागे, आणि दोन मिनिटांच्या कामासाठी ते बहुधा उठत नसत. तुमचा इंटरकॉम कधी बिघडला, तर दुरुस्तीची घाई करू नका.