चेंबर्सबर्ग सुटलं तरी टोमॅटो पाय हा पिझ्झा ट्रेंटनचाच राहतो. पटतंय का?

रॉबिन्सव्हिलकर:
परवा कोजागरीला मसाला दुधाचे पेले हातात घेऊन सुरू झालेला वाद गाड्यांपाशी पोचलो तरी मिटला नाही, म्हणून इथे मांडतोय. आमचे एक स्नेही म्हणाले, "ट्रेंटनचा पिझ्झा ज्या दिवशी ट्रेंटनमधून उठला, त्या दिवशीच संपला. रॉबिन्सव्हिलला मिळतो तो नुसता नावाचा." मला हे अजिबात मान्य नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनचं चेंबर्सबर्ग, म्हणजे 'बर्ग', ही इटालियन कामगारांची वस्ती. रॉबिन्सव्हिल हे तिथून जवळचं उपनगर. गोल्डन गेट पुलाच्या केबल बनवणाऱ्या रोबलिंग कंपनीचा तारेचा कारखाना तिथेच होता. त्या वस्तीत जो पिझ्झा घडला त्याला लोक टोमॅटो पाय म्हणतात. तिथली नावाजलेली दुकानं दोन: पापाज 1912 चं, हडसन स्ट्रीटवरचं डी लोरेंझोज 1947 चं. न्यूयॉर्कचं लोंबार्डीज हे पिझ्झाचं दुकान 1905 चं असलं तरी ते 1984 ते 1994 बंद होतं. पापाज मात्र एकाच घराण्याकडे सलग चालू आहे.

खरी गंमत थरांच्या क्रमात आहे. पातळ लाटलेल्या पिठावर आधी चीज, तेही हात राखून. मग सॉसेज किंवा मिरच्या जे काही असेल ते. आणि सगळ्यांत वर चुरडलेले टोमॅटो, चमच्याचमच्याने जागोजाग सोडलेले. सॉस नव्हे, टोमॅटो. चीज खाली असल्यामुळे टोमॅटोचं पाणी पिठात मुरत नाही, तुकडा टोकापर्यंत ताठ राहतो, आणि जिभेला आधी टोमॅटोचा आंबटपणा लागतो. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मला आईच्या हातचं टोमॅटोचं सार आठवलं होतं, आणि ते मी आजही कौतुकानेच सांगतो.

डी लोरेंझोजने 2007 मध्ये रॉबिन्सव्हिलला दुकान काढलं, 2012 मध्ये हडसन स्ट्रीटचं बंद केलं. पापाज 2013 मध्ये इकडे आलं. हात तेच, घरं तीच, क्रम तोच. मग संपलं काय? उलट न हलते तर कदाचित कायमचे मिटले असते. कुटुंब हलतं तेव्हा चूलही त्याच्याबरोबर हलते.

हडसन स्ट्रीटचा जुना गिऱ्हाईक:
ते कोजागरीवाले स्नेही मी नव्हे, पण बाजू त्यांचीच घेतो.

1998 ते 2003 मी ट्रेंटनमध्ये राज्य सरकारच्या एका प्रकल्पावर कंत्राटी काम करत होतो. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चौघं हडसन स्ट्रीटवर जायचो. दोन्ही बाजूंना चिकटून घरं, त्यातलंच एक म्हणजे दुकान. आत मोजकी बाकं. आत स्वच्छतागृह नव्हतं हे सगळ्या गावाला माहीत होतं, तरी रांग फुटपाथवर असायची. रांगेत पुढे उभी असलेली आजी मला विचारायची, "तू कुणाचा?" मी सांगायचो पुण्याचा. पुढच्या खेपेला तिला ते लक्षात असायचं. घरापासून इतक्या लांब मला त्या शहरात कुणी "तू कुणाचा" विचारलं ते फक्त त्या रांगेत.

रॉबिन्सव्हिलला पाय चांगलाच मिळतो, खोटं का बोलू. पण तिथे पार्किंग आहे, जागा ऐसपैस आहे, आणि बाजूच्या टेबलावर कोण बसलंय हे कुणी कुणाला विचारत नाही. रोबलिंगचा कारखाना 1970 च्या दशकात बंद पडला, लोक उपनगरांकडे गेले, त्यांच्या मागोमाग दुकानंही गेली. दुकानदारांना दोष नाही. पण ज्या वस्तीने पन्नास-साठ वर्षं त्यांना पोसलं तिच्या वाट्याला काय उरलं? बर्गमध्ये आता ग्वातेमाला, इक्वेडोरची कुटुंबं राहतात. त्यांच्या पोरांनी ट्रेंटनचा पाय ट्रेंटनमध्ये खायचाच नाही का?

वूस्टरची वारी:
हडसन स्ट्रीटवाल्या दादांशी शंभर टक्के सहमत, आणि पुरावा माझ्या गावात आहे. मी कनेटिकटमधल्या न्यू हेवनजवळ राहते. फ्रँक पेपेने 1925 मध्ये वूस्टर स्ट्रीटवर पिझ्झाचं दुकान टाकलं. त्याच्या भाच्याने, साल कॉन्सिलिओने, 1938 मध्ये त्याच रस्त्यावर सॅलीज काढलं. स्टेट स्ट्रीटवर मॉडर्न 1934 पासून आहे. तिन्ही अजून आपापल्या रस्त्यावर! पेपे आणि सॅलीजच्या भट्ट्या कोळशाच्या. त्या भट्ट्या उचलून नेता येत नाहीत, आणि मला वाटतं दुकानं जागीच राहायला भट्टीचाही हात असावा.

आमच्याकडे त्याला पिझ्झा नाही, 'अबीट्स' म्हणतात. लिहितात अपिझा, नेपल्सकडचा उच्चार तसाच राहिलाय. 'प्लेन' मागितलात तर टोमॅटो, किसलेलं पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज), ऑलिव्ह तेल, बस. मोझरेला हवं तर वेगळं सांगायचं, 'मुट्झ' म्हणून. पेपेचा पांढरा क्लॅम पाय तर टोमॅटोशिवायचाच. शिंपल्यातलं मांस, लसूण, ओरेगॅनो, पेकोरिनो. मी मालवणची. तिसऱ्यांच्या सुक्क्यावर वाढलेली. तो पहिला घास घेतला तेव्हा डोळे भरून आले होते. सोबत फॉक्सन पार्कचा सोडा, 1922 पासून पलीकडच्या ईस्ट हेवनमध्ये बनणारा.

आणि कडा काळी असते म्हणून "करपलाय" म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. चुलीवरच्या भाकरीला काळे ठिपके आले तर आपण ती परत देतो का? खरपूस आणि करपलेलं यात फरक आहे. तो आपल्या लोकांना तरी समजावून सांगायला लागू नये.

रॉबिन्सव्हिलकर:
ताई, न्यू हेवनला मीही गेलोय, दोनदा. कोळशाच्या भट्टीपुढे हात जोडतो. पण चित्राची दुसरी बाजूही सांगा. पेपेने 2006 मध्ये फेअरफिल्डला शाखा काढली आणि आता अनेक ठिकाणी आहेत. सॅलीज तर कॉन्सिलिओ कुटुंबाने 2017 मध्ये विकलं. म्हणजे तुमच्याकडे जागा राहिली आणि एका दुकानातून घर गेलं. आमच्याकडे जागा गेली आणि घर राहिलं. दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर मी घर निवडेन.

वूस्टरची वारी:
सॅलीजबद्दल बोललात ते लागलं, आणि बरोबरही आहे. विक्रीची बातमी आली तेव्हा आमच्या ऑफिसातल्या इटालियन बायका घरचं कुणी गेल्यासारख्या बोलत होत्या. पण त्या भट्टीपुढे मी आजही उभी राहू शकते. माझ्या मुलीला बोट दाखवून सांगू शकते, "इथे 1938 पासून." तुम्ही तुमच्या मुलाला हडसन स्ट्रीटवर नेऊन काय दाखवाल?

हिरवी_मिरची:
सगळ्यांचा मान राखून एक विचारतो. हे प्रेम आपण दुसऱ्यांच्या आजोबांवरच का करायचं? न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या ओक ट्री रोडच्या परिसरात आपल्या लोकांनी चालवलेली पिझ्झाची दुकानं आहेत. नवरा भट्टीपाशी, बायको गल्ल्यावर, पोरगं कोपऱ्यात गृहपाठ करतंय. पनीर, कांदा, हिरवी मिरची, वर कोथिंबीर. 1912 मध्ये पापाज काढणारा जो पापाही असाच परदेशातून आलेला, हाताला जे जमत होतं ते विकणारा पोरगा होता. शंभर वर्षांनी कुणीतरी या पनीर पिझ्झालाही 'एडिसन स्टाइल' म्हणेल, पण आज आपलेच लोक त्याला नाकं मुरडतात. मला टोमॅटो पाय आवडतो. पण जितक्या मायेने त्याबद्दल इथे लिहिलंय, तितक्या मायेने आपल्या दुकानाबद्दल लिहिलेलं मी कुठे वाचलं नाही.

हडसन स्ट्रीटचा जुना गिऱ्हाईक:
मिरची, तुझं हे म्हणणं मला मनापासून पटलं. फक्त एक अट. त्या दुकानानेही तीच जागा धरून ठेवायला हवी, म्हणजे वीस वर्षांनी कुणीतरी रांगेत विचारेल, "तू कुणाचा?"

तुळशीवृंदावन:
आम्ही पक्के शाकाहारी. वरच्या एका गोष्टीबद्दल सांगायलाच हवं, कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. पारंपरिक पेकोरिनो रोमानो कोकराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, लावतात. म्हणजे न्यू हेवनचा 'प्लेन' दिसायला शाकाहारी, पण काटेकोर पाळणाऱ्यांना चालणारा नाही.

सासूबाई आल्या होत्या तेव्हा जवळच्या एका छोट्या घरगुती पिझ्झेरियात मी हेच विचारलं. काउंटरवरचे म्हातारे गृहस्थ काही न बोलता आत गेले, चीजचं पाकीट घेऊन आले, चष्मा कपाळावर चढवला आणि लेबल बोटाने एकेक शब्द वाचून दाखवलं. मग म्हणाले, किसलेलं चीज मी घालत नाही, फक्त मोझरेला, त्यात तो प्रकार नाही. फळीवर आधी पीठ भुरभुरलं आणि आमचा पाय वेगळा भाजला. सासूबाईंनी त्यांना जाताना नमस्कार केला, त्यांनीही हात जोडले.

मला हे मोठ्या साखळी दुकानात कधी मिळालं नाही. तिथलं काउंटरवरचं पोरगं चांगलं असतं, पण पाकीट त्याच्या हातात नसतं. कुटुंबाचं दुकान म्हणजे माझ्यासाठी एवढंच. ज्याला विचारायचं तो समोर उभा असतो. ट्रेंटन की रॉबिन्सव्हिल, याने त्यात काय फरक पडतो?

रॉबिन्सव्हिलकर:
तुळशीवृंदावन, मला जे सांगायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगितलंत.

वारीताई, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. काल मुलाला घेऊन हडसन स्ट्रीटवर गेलो. दुकान नाही, हे त्याला आधीच सांगितलं होतं. त्याने विचारलं, "इथे कुठे रांग लागायची?" मला सांगता येईना, मी तेव्हा इथे नव्हतोच. दादा, तुम्हाला ती जागा नेमकी ठाऊक असणार. येत्या शनिवारी सवड असेल तर या. आधी हडसन स्ट्रीटवर तुम्ही आम्हाला रांग दाखवा, मग रॉबिन्सव्हिलला पापाजमध्ये मी मोहरी घातलेला पाय मागवतो. तिथे चीजच्या खाली मोहरीचा पातळ थर देतात, आणि तो खाल्ल्याशिवाय माझं मत बदलायचं नाही.

हडसन स्ट्रीटचा जुना गिऱ्हाईक:
येतो. पण अकराच्या आत पोचा, नंतर तिकडे गाडी लावायला जागा मिळत नाही. निदान तेव्हा तरी मिळत नसे.