मुलांचे वागणे आणि वाढते आकडे : नाशिककरांचे अनुभव

देशात बालकांविरुद्ध नोंदवले गेलेले गुन्हे २०२१ मध्ये १,४९,४०४ होते, ते २०२२ मध्ये १,६२,४४९ झाले. मुले खरोखरच अधिक असुरक्षित झाली, की पूर्वी दडपले जाणारे आता नोंदले जाऊ लागले? केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात १३ राज्यांतील दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचे सांगितले होते, आणि त्यातले फारच थोडे पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचले असणार. त्यामुळे नुसत्या आकड्यांवर वाद घालण्यापेक्षा, मार किंवा अत्याचार सोसणाऱ्या मुलांच्या वागण्यात आपल्याला काय दिसले ते नाशिककरांनी इथे लिहावे. मुलाची ओळख पटेल असा तपशील मात्र टाळावा.

निवृत्त शिक्षिका, पंचवटी : चौथीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत रोज कोणाला तरी मारायचा आणि वह्यांची पाने फाडायचा. आम्ही त्याला वर्गाबाहेर उभे करत असू, क्वचित पट्टीही देत असू. एकदा फळा पुसण्यासाठी मी डस्टर उचलले, तर पहिल्या बाकावरच्या या पोराने कोपर वर करून कान झाकला आणि डोळे मिटून तो तसाच बसून राहिला. घरी काका पट्ट्याने मारत असल्याचे पुढे कळले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी आणली, तेव्हा ‘आता पोरे डोक्यावर बसणार’ असे म्हणणाऱ्यांत मीही होते, हे लिहिताना लाज वाटते.

एक वडील, सिडको : अंबडच्या कारखान्यातली रात्रपाळी करून आलो, की मोबाईलवरून मुलाला दोन ठेवून देणे हा माझा नेम झाला होता. एके दिवशी तो धाकट्या बहिणीला मारताना दिसला. ‘एकदा सांगितलेलं कळत नाही का?’ हे माझेच वाक्य, माझ्याच सुरात. समुपदेशकांनी प्रश्न मुलाऐवजी मला विचारले, तेव्हा पहिल्या दिवशी मी उठून निघालो होतो.

अंगणवाडी सेविका, दिंडोरी तालुका : ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला आईवडील द्राक्षबागेत जात आणि सहा वर्षांची मुलगी शेजाऱ्यांकडे ठेवत. ती पुन्हा कपडे ओले करू लागली, शेजारचे दार दिसले की आईचा पदर सोडेना. आईने आधी धपाटे दिले, मग देवाला नवस बोलली. मुलीने मला सांगितल्यावर मी कळवले, कारण मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असे कळल्यावर गप्प बसणे हाच गुन्हा आहे. महिला अधिकारी साध्या वेशात घरी आल्या आणि ओट्यावर बसून त्यांनी जबाब घेतला. गावात मात्र ‘बोभाटा कशाला केला’ हे मलाच ऐकावे लागले. वर दिलेल्या २०२२ च्या आकड्यात एक नोंद आमची आहे.

एक आई, इंदिरानगर : प्रत्येक दांडगाईमागे मारच असतो असे नाही. माझ्या मुलाला अतिचंचलतेचा त्रास आहे, त्याच्यावर उपचार चालू आहेत. त्याच्या किंकाळ्या ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ‘घरी मारता का गं याला?’ असे तोंडावर विचारले, तेव्हा मला फार राग आला. पण विचारले ते त्यांनीच. बाकीच्यांनी नुसत्या खिडक्या लावून घेतल्या.