मदत हवी आहे: सुडोकूतील एक्सवाय-विंग नजरेने कसे हेरावे?

नमस्कार. वर्तमानपत्रातील सुडोकू मी बरीच वर्षे सोडवत आहे. मध्यम पातळीची कोडी आता सहसा अडवत नाहीत, पण गेल्या पावसाळ्यापासून अतिकठीण कोडी हाती घेतली आहेत आणि तिथे निम्मी घरे भरली की हात थांबतो. अंदाजाने अंक मांडायचा आणि विसंगती आली की सगळे खोडायचे, हा मार्ग मला नको आहे. प्रत्येक अंकामागचे कारण सांगता आले पाहिजे.

मी कोडे मोठ्या चौकटींच्या कागदावर उतरवून घेतो आणि प्रत्येक रिकाम्या घरात शक्य असलेले सगळे अंक पेन्सिलने बारीक लिहितो. उघड्या जोड्या (एकाच ओळीतील, स्तंभातील किंवा पेटीतील दोन घरांत केवळ तेच दोन अंक शक्य) आणि लपलेल्या जोड्या (दोन अंक केवळ त्याच दोन घरांत शक्य) सापडतात. एक्स-विंग, म्हणजे दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या चार कोपऱ्यांवर एकच अंक हेरण्याची युक्ती, मात्र एका चुकीतून शिकलो. दुसऱ्या आणि सहाव्या आडव्या ओळीत, तिसऱ्या व आठव्या स्तंभांत 7 शक्य दिसला, म्हणून त्या स्तंभांतील बाकीचे 7 मी खोडले आणि अर्ध्या तासाने कोडे फसले. मागे जाऊन पाहिले, तर सहाव्या ओळीच्या पाचव्या घरातही 7 बसत होता. चार कोपरे जुळणे पुरेसे नाही. दोन्ही ओळींत तो अंक त्या दोनच घरांत शक्य असावा लागतो. आता मी 1 ते 9 असा एकेक अंक घेऊन नऊही ओळी तपासतो, आणि त्याच रीतीने कधीकधी स्वोर्डफिश, म्हणजे एक्स-विंगचेच तीन ओळींचे रूपही हाती लागते.

खरी अडचण एक्सवाय-विंगची, म्हणजे दोन-दोन अंकांच्या तीन घरांवरून अंक खोडण्याच्या युक्तीची आहे. समजा, पाचव्या ओळीच्या पाचव्या घरात (हे मधले घर) 2 आणि 6 शक्य आहेत, त्याच ओळीच्या पहिल्या घरात 2 आणि 9, तर आठव्या ओळीच्या पाचव्या घरात 6 आणि 9. मधल्या घरात काहीही आले, तरी बाकीच्या दोहोंपैकी एकात 9 येणारच, म्हणून आठव्या ओळीच्या पहिल्या घरातून 9 खोडता येतो. हा तर्क मला पूर्ण पटतो, पण कागदावर दोन अंकांची पंधरा-वीस घरे असताना मधले घर कोणते मानून सुरुवात करावी, हे कळत नाही. तुम्ही अशी घरे वेगळ्या खुणेने दाखवता का? की आधी खोडण्याजोगा अंक हेरून उलट दिशेने येता?

दुसरा प्रश्न युनिक रेक्टँगलचा. दोन ओळी, दोन स्तंभ आणि दोनच पेट्यांत (3×3 च्या चौकटींत) बसणाऱ्या चार घरांपैकी तिघांत केवळ 3 व 8 असतील आणि चौथ्यात 3, 8 व 5, तर तिथे 5 लिहावा, कारण एरवी 3 आणि 8 यांची अदलाबदल होऊन दोन उत्तरे निघतील. पण उत्तर एकच आहे, हे मी गृहीत धरतो, सिद्ध करत नाही. सतरापेक्षा कमी अंक दिलेल्या कोड्याला एकमेव उत्तर नसते, हे 2012 मध्ये गॅरी मॅकग्वायर यांच्या डब्लिनमधील गटाने संगणकाच्या मदतीने दाखवले. मात्र सतराहून अधिक अंक दिले, म्हणून उत्तर एकच असेल याची हमी मिळत नाही. माझ्या मते हा कोडे रचणाऱ्यावरचा विश्वास झाला, तर्क नव्हे, आणि म्हणून ही युक्ती वापरताना मन कचरते.

जाणकार या युक्तीला ग्राह्य मानतात का? आणि केवळ कागद-पेन्सिल हाती असताना एक्स-विंग, एक्सवाय-विंग यांचा शोध कोणत्या क्रमाने घेतात? एखाद्या सोडवलेल्या कोड्यातील घरे दाखवून लिहिलेत, तर फार उपकार होतील.