मदत हवी आहे: बेडूक आणि स्पायरोगायराची तुलना

नमस्कार मंडळी, आमच्या पुतणीला कॉलेजात तुलनेचा प्रोजेक्ट दिलाय, एक प्राणी आणि एक शेवाळ. तिनं सोनबेडूक आणि स्पायरोगायरा घेतलंय. परवा कंबर तलावाच्या कडेचं शेवाळ आणून मायक्रोस्कोपखाली बघितलं, काचेसारख्या पेशीत हिरवी रिबन गोल गोल फिरत गेलेली, इतकं सुंदर दिसतं की काय सांगू!

सोपे मुद्दे झालेत, म्हणजे पेशीभित्तिका, हरितद्रव्य, बऱ्याच बेडकांची पिल्लं शेवाळ खातात (सोनबेडकाची मात्र मांसाहारी असतात) वगैरे. मला सगळ्यात आवडलेला मुद्दा म्हणजे आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात दोघंही तग धरतात, बेडूक ओल्या मातीत खोल जाऊन पडून राहतो आणि शेवाळाचा जाड कवचाचा झायगोस्पोर (दोन पेशींच्या मिलनातून बनलेला बीजाणू) पाणी परत येईपर्यंत तसाच टिकतो.

अडलंय ते मिऑसिसपाशी, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनापाशी. बेडकात ते शुक्राणू आणि अंडी बनताना होतं, स्पायरोगायरात मात्र झायगोस्पोर रुजताना, म्हणजे पूर्ण धागा एकगुणितच (गुणसूत्रांचा एकच संच असलेला). हे एका चार्टवर समोरासमोर कसं काढायचं? बायोलॉजी शिकवणाऱ्या कुणी कच्ची आकृती काढून फोटो टाकला तर फार बरं होईल. आणि झायगोस्पोरची तयार स्लाईड सोलापुरात कुणाकडे बघायला मिळेल का?