अंदमानला चाललेय, दुर्मीळ नकोत, तिथले नेहमीचे पक्षी कुठे बघायचे?

चोपडेकर_ताई
राम राम मंडळी. फेब्रुवारीत आमचा बायकांचा गट अंदमानला जातोय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला चक्रवाक आणि थापट्या ही बदकं बघायला जाते, कधी अनेर धरणावर. एरवी शेताच्या बांधावर जे दिसेल ते: कापसात वेडा राघू, केळीच्या बागेत भारद्वाज, तारेवर कोतवाल आणि नीलपंख. हे रोजचे पक्षीच मला आवडतात.

टूरवाल्याच्या कार्यक्रमात सेल्युलर जेल, रॉस बेट आणि हॅवलॉक आहे, बाकी दोन दिवस मोकळे. नेटवर याद्या पुष्कळ मिळाल्या. 'फक्त अंदमानात आढळणारे' म्हणून नावं दिलीत, पण उभं कुठे राहायचं ते कुणी लिहीत नाही. शेतात कोण, खाडीत कोण, जंगलात कोण, एवढंच समजून घ्यायचंय.

यावलचा_वाटसरू
ताई, एक दिवस चिडिया टापूला द्या. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे २५ किलोमीटर, रस्ता थेट जातो. जंगल, खाडी, किनारा तिन्ही एकाच ठिकाणी. सगळे सूर्यास्ताला जातात, तुम्ही पहाटे जा.

तापीकाठ_भुसावळ
ताई, नोकरीत काही वर्षं पोर्ट ब्लेअरला होतो (आता कागदोपत्री श्री विजयपुरम), म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट वेळेची. घड्याळ आपलंच, पण बेटं खूप पूर्वेला. फेब्रुवारीत जळगावला सातला उजाडतं, तिथे पावणेसहालाच सूर्य वर येतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. हॉटेलचा नाश्ता करून निघालात तर पक्ष्यांची सकाळ संपलेली असेल.

मोकळ्या दोन दिवसांपैकी एक सकाळ पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाटला द्याच. गावातून जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी दिसेल. ही पूर्वी भातशेती होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन जवळपास मीटरभर खचली, खाडीचं पाणी आत आलं आणि राहिलं. आज तिथे जांभळ्या पाणकोंबड्या, अडई, बगळे, हिवाळी पाहुण्यांमध्ये चिखल्या, तुतवार (दोन्ही चिखलात टिपणारे लहान पक्षी) आणि बाकदार चोचीचा छोटा कुरव असतात. नशीब असेल तर अंदमानी बदकही दिसेल: लहान, तपकिरी, डोळ्याभोवती पांढरं कडं. आपल्या हतनूरच्या पाण्याखालीही गावं गेलीत, त्यामुळे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या पाण्याखाली कुणाचं तरी शेत आहे. रस्त्यावरूनच बघा, कुणाच्या आवारात शिरू नका.

खाडीकाठची तिवरं बघताना विजेच्या ताराही बघा. हिरवट-निळा, पांढऱ्या पोटाचा, गळ्यात पांढरा पट्टा असलेला खंड्या खेकडे धरत बसलेला असतो. शहरातसुद्धा ओरडतो. किनाऱ्यावरच्या खडकांवर एकटा गडद राखी बगळा दिसला तर तो खडकावरचा बगळा. त्याच जातीचे काही पक्षी पूर्ण पांढरेही असतात. वर समुद्रगरुड फिरतो, पांढरं पोट आणि शंकरपाळ्यासारखी शेपटी.

आता जंगल. पोर्ट ब्लेअरच्या चॅथम धक्क्यावरून बोटीने बांबू फ्लॅटला उतरून माउंट हॅरिएटला जाता येतं. २०२१ पासून त्याचं नाव माउंट मणिपूर आहे. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या डोंगराने. तिथे सर्पगरुड दोन. दाट जंगलाच्या आतला जवळजवळ काळपट, तो अंदमानचाच. किनाऱ्याकडे, तिवरांच्या बाजूला दिसतो तो फिकट, आपल्या तुरेवाल्या सर्पगरुडाच्या जातीचा. बेट एकच, पण दोघांनी जागा वाटून घेतल्यात. सुतारांचंही तेच. मोठा काळा, लाल शेंडीचा सुतार जुन्या झाडांच्या जंगलात ठकठक करतो. छातीवर ठिपके असलेला लहान सुतार बागांत आणि माडांवर सापडतो. म्हणून पक्षी दिसला की आधी तो कशावर बसलाय ते लिहून ठेवा, नाव नंतर. नुसत्या नावांच्या यादीने बेट कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

तुमचे शेतातले सोबतीही तिथे वेगळ्या रूपात भेटतील. भारद्वाज आहे, पण अंग काळं नाही, तपकिरी. वेड्या राघूच्या जागी तांबूस डोक्याचा राघू. कोतवाल दोन दिसतील, एक अंदमानी आणि एक शेपटीला लांब तारा लावल्यासारखा पल्लवपुच्छ. पोपट गुलाबी छातीचे, संध्याकाळी थव्याने आरडाओरडा करत जातात. नीलपंख मात्र शोधू नका.

रॉस बेटावर मोर आणि चितळ दिसतील. ते तिथले मूळचे नव्हेत, माणसांनी नेलेले आहेत. साळुंकी आणि चिमणीही तशीच. त्यांना तुमच्या वहीत वेगळं पान द्या.

चोपडेकर_ताई
दादा, फार उपकार झाले. दोन सर्पगरुडांचं कुठेच वाचलं नव्हतं. एक विचारते, सिप्पीघाटला भरती-ओहोटीचा फरक पडतो का? आपल्या धरणात पाणी उतरायला महिने लागतात, त्यामुळे अंदाज नाही. आणि गटातल्या एकीचे गुडघे दुखतात, फार चालणं जमणार नाही.

तापीकाठ_भुसावळ
पडतो, फार पडतो. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि चिखल्या, तुतवार लांबवर पसरतात. दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात. पाणी चढायला लागलं की तेच पक्षी सरकत सरकत बांधाजवळ, रस्त्याजवळ येतात. भरती पूर्ण होण्याआधीचे एक-दोन तास गाठा. दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे आज सकाळी आठची असेल तर परवा पावणेदहाच्या आसपास. भरतीचं वेळापत्रक आधी बघून मगच कुठली सकाळ सिप्पीघाटची ते ठरवा.

गुडघेवाल्या ताईंची काळजी करू नका. सिप्पीघाट रिक्षातून उतरल्या उतरल्या होतं, घडीची खुर्ची न्या. माउंट हॅरिएटलाही गाडी वरपर्यंत जाते.

शहादेकर
रात्री खोलीत बसून राहू नका, घुबडांचे आवाज ऐका. अंदमानला घुबडांच्या काही जाती फक्त तिथल्याच आहेत. आमच्या शहाद्याच्या जंगलात १९९७ मध्ये रानपिंगळा पुन्हा सापडला, तोवर शंभरहून जास्त वर्षं त्याचा पक्का पुरावा नव्हता, आणि गावाजवळच्या जंगलात तो राहत होता. तेव्हापासून मी कुठेही गेलो तरी रात्री अर्धा तास बाहेर उभा राहतो. आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा. पण मोबाईलवरून घुबडाचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, त्रास होतो त्याला.

चोपडेकर_ताई
नाही वाजवणार. टूरवाल्याला फोन केला, हॅवलॉकची बोट एक दिवस पुढे ढकलून देतो म्हणाला. भरतीच्या वेळा मिळाल्या की कुठली सकाळ घ्यावी ते इथेच विचारते.