चाकाचे नट किती आवळावेत? सोसायटी ग्रुपवरील चर्चा

कुलकर्णी, बी-३०४
नमस्कार मंडळी. काल सायंकाळी आमच्या जुन्या वॅगनआरचे मागचे चाक पंक्चर झाल्याचे लक्षात आले. स्टेपनी लावायला घेतली, तर गाडीसोबतच्या पान्याने चारपैकी दोन नट जागचे हलेनात. गेल्याच आठवड्यात एका टायरच्या दुकानात चाकांची अदलाबदल करून घेतली होती आणि तेथील मुलाने हवेच्या गनने नट आवळले होते. अखेर पान्यात लोखंडी पाइप अडकवून ते सोडवावे लागले, आणि त्यात एका स्टडचे (नट ज्यावर फिरतो, त्या आटे पाडलेल्या दांड्याचे) आटे गेले. शनिवारी ताम्हिणीमार्गे श्रीवर्धनला जायचे आहे. स्टड उद्या बदलून मिळेल, परंतु नट नेमके किती आवळावेत, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

साळुंखे, ए-१०२
कुलकर्णी साहेब, त्यात विचारण्यासारखे काय आहे? एल-पान्यावर पाय देऊन उभे राहावे, की झाले. मी कायम असेच करत आलो आहे आणि माझ्या गाडीचे चाक आजवर निखळलेले नाही.

पेंडसे, सी-५०१
साळुंखे काका, आपल्या पद्धतीचा हिशोबच मांडून पाहू. सत्तर किलो वजनाचा माणूस २५ सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर नटावर साधारण १७० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, येतो. जुन्या वॅगनआरच्या पुस्तिकेत ८५ लिहिलेले आहेत. म्हणजे आपण नुसते उभे राहिलात तरी दुप्पट झाले, आणि वर एक हिसका दिलात तर किती, ते सांगता येणार नाही. त्याच पान्यावर ८५ गाठायला टोकाशी सुमारे ३५ किलोंचा दाब पुरतो.

नट आवळला की स्टड अगदी किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा आखडू पाहतो. त्या ओढीने रिम हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या गाडीच्या भागावर, दाबली जाते आणि या दोन पृष्ठभागांमधील घर्षणच गाडीचा भार आणि ब्रेकचा जोर पेलते. ताण कमी पडला, तर रिम सूक्ष्म प्रमाणात सरकत राहते, नट सैल होत जातात आणि स्टड वाकून वाकून थकतात. ताण मर्यादेबाहेर गेला, तर स्टड कायमचा लांबतो, मग त्याची पकड आपोआप कमी होते आणि पुढे कधीतरी तो तुटतो. तेव्हा ‘जितके घट्ट तितके सुरक्षित’ हा हिशोब येथे लागू पडत नाही. पुढच्या डिस्क ब्रेकच्या चाकांवर नट कमी-जास्त आवळले गेले, तर डिस्क किंचित वाकडी बसते आणि काही महिन्यांनी ब्रेक दाबताना पेडल थरथरू लागते. तोपर्यंत आपण टायरच्या दुकानाला विसरलेलो असतो आणि दोष ब्रेक पॅडला देतो.

पवार, बी-२०१
पेंडसे काका, पावसाळ्यात नट गंजून बसतात, म्हणून मी स्टडवर थोडे इंजिन ऑइल लावतो. त्यात काही गैर आहे का?

पेंडसे, सी-५०१
पवार, ते टाळावे, असे मी आग्रहाने सांगेन. आपण पान्याला जो जोर लावतो, त्यातील सुमारे नव्वद टक्के नटाच्या बुडाखालचे आणि आट्यांमधले घर्षण खाऊन टाकते आणि जेमतेम दहा टक्के स्टड ताणण्याच्या कामी येतो. पुस्तिकेतील आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी दिलेला असतो. तेल लागले की घर्षण घटते, आणि पाना तोच आकडा दाखवत असताना स्टडवरचा ताण मात्र कितीतरी वाढतो. गंज असल्यास आट्यांवर तारेचा ब्रश फिरवून कोरड्या फडक्याने पुसावे. रिम जेथे हबला टेकते, तो भागही असाच खरवडून घ्यावा, कारण मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला, तर चालत्या गाडीत तो चुरडतो आणि आवळलेले नट सैल पडतात.

जोशी, ए-४०३
काका, आमच्या होंडा सिटीला बाहेरून घेतलेली अलॉय चाके आहेत. त्यांच्यासाठीही हाच नियम का?

पेंडसे, सी-५०१
जोशी ताई, आपण हे विचारलेत ते बरे झाले. सिटीसाठी आकडा १०८ आहे. पण त्याआधी नटांचे बूड पाहा. होंडाच्या मूळ रिमसाठी गोलसर बुडाचे नट असतात, तर बाजारातील बहुतेक अलॉयना शंकूच्या आकाराचे बूड लागते. मूळ नट तसेच वापरले गेले असतील, तर ते रिमला फक्त एका कडेवर टेकतात. अशा वेळी टॉर्क बरोबर दाखवला, तरी पकड भरवशाची नसते. एक नट सोडून रिमच्या भोकाशी ताडून पाहिलात, की लगेच कळेल.

कुलकर्णी, बी-३०४
काका, माझ्या गाडीचे काम कोणत्या क्रमाने करावे, तेही सांगाल का?

पेंडसे, सी-५०१
स्टड बदलल्यावर चारही नट प्रथम हाताने फिरवावेत. एखादा नट मध्येच अडला, तर पान्याने रेटू नये, कारण तो आट्यावर तिरका चढलेला असतो. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने हलके आवळून जॅक टायर जमिनीला टेकेपर्यंत उतरवावा. त्यानंतर टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेला जोर गाठला की आवाज करणाऱ्या पान्याने, पहिल्या फेरीत ५०, दुसऱ्या फेरीत ८५, क्रम पुन्हा समोरासमोरचाच. ‘कट्’ असा आवाज आला की थांबावे. खात्रीसाठी दोन-तीनदा कट् वाजवण्याची अनेकांना सवय असते, पण दर खेपेला नट थोडा पुढे सरकतो. दुकानात आवळलेल्या बाकीच्या तीन चाकांचे नट मात्र एकेक करून सोडावेत आणि नव्याने आवळावेत, कारण आधीच अतिघट्ट असलेल्या नटावरही पाना कट् वाजवतोच. साधारण ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासायचे असते. ताम्हिणी घाटाच्या अलीकडे चहाला थांबाल, तेव्हा चाके जरा निवू द्या आणि सगळ्या नटांवर एकदा पाना फिरवून मगच घाट उतरा.

पवार, बी-२०१
हाच पाना इंजिन ऑइलच्या ड्रेन बोल्टला चालेल का? मागच्या सर्व्हिसनंतर माझ्या सिटीच्या चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) थेंब दिसतात.

पेंडसे, सी-५०१
त्या बोल्टला साधारण ४० लागतात. मोठ्या पान्याची मोजणी तेथूनच सुरू होते आणि पट्टीच्या अगदी खालच्या टोकाला ती तितकीशी अचूक नसते. चेंबर अॅल्युमिनियमचे असल्याने पोलादी बोल्ट जादा पिळला की आटे चेंबरचेच जातात, आणि तो खर्च मोठा असतो. गळती बहुधा जुना वायसर पुन्हा वापरल्यामुळे असेल. तो प्रत्येक वेळी नवा घालावा लागतो. स्पार्क प्लगला तर जेमतेम १८ पुरतात, त्यासाठी लहान पानाच हवा.

जोशी, ए-४०३
मग आपण सर्वांनी वर्गणी काढून एक टॉर्क पाना घ्यावा का? चाक काही रोज काढायचे नसते.

साळुंखे, ए-१०२
माझी हरकत नाही. मीही वर्गणी देईन. मात्र एकदा माझ्या पायाने आवळलेले नट किती भरतात, तेही मोजून दाखवावे.

पेंडसे, सी-५०१
काका, रविवारी सकाळी अवश्य मोजू. घ्यायचाच तर सॉकेट बसवायचा चौकोन अर्ध्या इंचाचा असलेला, ४० ते २०० न्यूटन-मीटरचा घ्यावा. त्यावर फूट-पाउंड या दुसऱ्या एककाचीही पट्टी असते, ती नजरचुकीने वाचू नये. जोशी ताईंच्या गाडीचे १०८ त्या पट्टीवर लावले, तर प्रत्यक्षात १४६ न्यूटन-मीटर होतील. हा पाना नट सोडवण्यासाठी वापरायचा नाही, आणि काम झाल्यावर त्याची मूठ फिरवून सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची. मारुती आणि होंडाच्या नटांना १९ चा सॉकेट चालेल. डी विंगमधील पोलोला नटांऐवजी बोल्ट आहेत, त्यांना १७ चा सॉकेट आणि १२० न्यूटन-मीटर लागतील. कुलकर्णी, आपल्याला शनिवारच्या आत हवा असल्याने तोवर माझा घेऊन जा. सायंकाळी सातनंतर मी घरीच आहे.